‘चलान येणारच नाही’ असं सांगून विकलेली डबी

पुणे–मुंबई लाइनवर ज्यांच्या टॅक्सी धावतात त्यांच्यासाठी हे लिहितोय. पोलिसांचं वेग मोजणारं रडार पुढे असेल तर आधीच वाजते असं सांगितलेली ‘रडार डिटेक्टर’ नावाची काळी डबी आणि तिच्या जोडीला ‘पोलिसांचं बोलणं ऐकवणारा’ वायरलेस सेट, असा संच एका माणसाने माझ्या गळ्यात मारला. एका गाडीमागे साडेनऊ हजार रुपये. माझ्या ओळखीच्या आणखी काही गाडीमालकांनाही त्याने असंच गाठलंय, आणि तो अजून फिरतोय. म्हणून जे झालं ते सगळं सांगतो.

आधी आमचं दुखणं काय ते कळायला हवं. एक्सप्रेसवेवर जुलै २०२४ मध्ये आयटीएमएस, म्हणजे कमानींवरच्या कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली आणि ई-चलानं धडाधड यायला लागली. लोकांना वाटतं टॅक्सीवाले सुसाट सुटतात म्हणून सापडतात. पण पिवळ्या पाटीच्या गाडीला ८० चा स्पीड गव्हर्नर, म्हणजे इंजिनाला त्यापुढे वेग घेऊ न देणारं यंत्र असतं. सपाटीवर कारला १०० ची मुभा आहे, तिथे आमची गाडी मर्यादा ओलांडूच शकत नाही. आम्ही सापडतो ते घाटात. तिथे कारला ६० ची मर्यादा आहे, आणि खंडाळ्याकडून खाली उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नसला तरी गाडी ७० ला जाते. गव्हर्नर ८० चा, त्याला काहीच कळत नाही. मोबाइलवर मेसेज येतो, दोन हजार रुपये. चलान गाडीच्या नावावर, गाडी मालकाच्या नावावर आणि स्टिअरिंग ड्रायव्हरच्या हातात, त्यामुळे पैसे कोणी भरायचे यावरून वाद ठरलेला. आमच्याकडचा एक शांत, वक्तशीर मुलगा याच वादातून काम सोडून गेला, आणि त्याची जागा भरायला मला फार त्रास झाला.

हा विक्रेता नेमकं हेच ओळखून आला होता. फूड मॉलच्या पार्किंगमध्ये भेटला. इन केलेला शर्ट, गळ्यात आयकार्ड, बोलायला गोड. पहिलंच वाक्य असं की ऐकणारा थांबलाच पाहिजे. “साहेब, ड्रायव्हरला बोलून काय उपयोग? त्याला मर्यादा कुठे बदलते, कॅमेरा कुठे आहे, हे आधी कळलं तर तो आपणहून पाय काढेल ना?” मलाही ड्रायव्हरला घाटात वेळेवर सावध करणारं काहीतरी हवंच होतं.

मग त्याने प्रात्यक्षिक दाखवलं. डबी डॅशबोर्डवर चिकटवली, वायर लायटरच्या सॉकेटमध्ये घातली आणि ड्रायव्हरला म्हणाला, “दादा, गाडी हळू बिल्डिंगसमोरून घ्या.” मॉलच्या दारासमोरून जाताना डबीचे लाल दिवे लागले, ती टिटिट करायला लागली आणि आतून बाईचा आवाज आला, ‘के बँड’. “बघा, पुढे पोलिसांनी वेग मोजायची रडार गन लावलीय,” तो म्हणाला. बाहेर पडायच्या रस्त्यावर खरंच पोलिसांची गाडी उभी होती. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या एका मालकाने तिथल्या तिथे दोन संच घेतले.

“अमेरिकेत प्रत्येक गाडीत असतं हे,” हेही त्याने ऐकवलं. पैसे यूपीआयने घेतले. क्यूआर कोडवर दुकानाचं नाव नव्हतं, भलत्याच कुणाचं तरी वैयक्तिक नाव होतं. बिल छापील होतं, पण त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. आणि ‘वॉरंटी रजिस्ट्रेशन’साठी म्हणून त्याने सगळ्या गाड्यांचे नंबर आणि त्या गाड्यांवरच्या ड्रायव्हरांचे मोबाइल नंबर लिहून घेतले. ही यादी लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे यायचंय.

डबी लावून गाड्या घाटातून जायला-यायला लागल्या. कमानींखाली डबी गप्प. शेजारून एखादी नवी, महागडी एसयूव्ही गेली की मात्र कोकलायची. ड्रायव्हर दचकून ब्रेक मारायचे. घाटात मागे लोड भरलेला ट्रक असताना असा उगाच मारलेला ब्रेक किती महागात पडू शकतो, हे या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. आणि चलानं आली ती आलीच.

माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतोय. त्याने डबी पॉवर बँकेला जोडली आणि मला घेऊन आमच्या जवळच्या सुपरमार्केटच्या सरकत्या काचेच्या दारासमोर उभा राहिला. दार उघडलं, डबी ओरडली. “मामा, या दारावर माणूस ओळखणारा जो सेन्सर आहे ना, तो २४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी सोडतो. रडार गनचा के बँड, म्हणजे तिच्या लहरींचा पट्टा, पण तिथेच आहे. डबीला दोन्ही सारखेच.” फूड मॉलचं दारही असंच सरकतं आहे. शेजारून जाणाऱ्या गाड्यांचंही तेच. बऱ्याच गाड्यांच्या मागच्या बंपरमध्ये ‘ब्लाइंड स्पॉट’चा सेन्सर असतो आणि त्यातले अनेक याच पट्ट्यात चालतात. म्हणजे त्या दिवशी पार्किंगमध्ये वाजली ती पोलिसांमुळे नव्हे, दारामुळे. त्या माणसाने गाडी दारासमोरूनच का न्यायला लावली, हे तेव्हा उलगडलं.

आता मुख्य मुद्दा, जो प्रत्येक ड्रायव्हरला कळायला हवा. रडार डिटेक्टर हा फक्त कान आहे. समोरून कोणी रेडिओ लहरी सोडल्या तर त्या तो ऐकतो. सरासरी वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्याला अशा लहरी सोडायची गरजच नसते. पहिल्या कमानीवरचा कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि वेळ नोंदवतो, पुढच्या कमानीवरचा कॅमेरा तेच करतो, आणि संगणक अंतराला वेळेने भागतो. दोन कमानींमध्ये दहा किलोमीटर आहेत असं धरा. ६० च्या वेगाने तिथे दहा मिनिटं लागायलाच हवीत. आठ मिनिटांत पोहोचलात तर सरासरी ७५ झाली. कमानीखाली येताना ब्रेक मारून ४० वर आलात तरी त्याने काही बदलत नाही. इथे ऐकण्यासारखं काही नाहीच, त्यामुळे साडेनऊ हजारांची डबी असो की लाखाची, ती ऐकणार काय?

पोलिसांच्या इंटरसेप्टर, म्हणजे रस्त्यावर वेग तपासणाऱ्या गाडीतली लेझर गन वेगळी. तिच्यात अवरक्त प्रकाशाचा अगदी बारीक झोत असतो. तीनशे मीटरवर तो जेमतेम मीटरभर रुंद होतो. पोलीस नेम धरतो तो नंबरप्लेटवर किंवा हेडलाइटवर, आणि अर्ध्या सेकंदाच्या आत वेग नोंदला जातो. डॅशबोर्डवरच्या डबीपर्यंत तो झोत पोहोचला तरच ती वाजणार, आणि वाजली तरी तोवर नोंद होऊन गेलेली असते. डबीवर ‘लेझर ३६०’ असं सोनेरी अक्षरांत छापलेलं आहे. विकत घेणाऱ्याला त्यातून एका सेकंदाचीही सवड मिळत नाही.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथे हे यंत्र खपतं याला कारण आहे. तिथल्या गस्तीच्या गाड्या लांबलचक सरळ रस्त्यांवर रडार सतत चालू ठेवून फिरतात. त्या लहरी लांबवर पसरतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला आधी सुगावा लागू शकतो. तरीही व्हर्जिनिया राज्यात आणि राजधानी वॉशिंग्टन डीसीमध्ये डिटेक्टर वापरायला बंदी आहे. दहा हजार पौंडांहून जड व्यावसायिक वाहनांना तर १९९४ पासून देशभर मनाई आहे. ‘प्रत्येक गाडीत असतं’ हे सरळसरळ खोटं होतं.

जोडीच्या वायरलेस सेटची गोष्ट जास्त गंभीर आहे. ‘पुढे नाकाबंदी असेल तर पोलिसांच्या तोंडूनच ऐका’ असं सांगून तो दिला होता. एक तर कमानीवरचा कॅमेरा चलान पाडताना कुणाला वायरलेसवर कळवत नाही. दुसरं, डिजिटल वायरलेसवरचं बोलणं अशा साध्या सेटवर नुसतं खरखर ऐकू येतं. पण पैसे गेले एवढ्यावर हे थांबत नाही. आपल्याकडे असा सेट बाळगायला परवाना लागतो. परवान्याशिवाय चालतात ते फक्त कमी ताकदीचे, ४४६ मेगाहर्ट्‌झच्या ठरलेल्या छोट्या पट्ट्यातले सेट, आणि त्यांनाही सरकारी मान्यता लागते. आम्हाला दिलेल्या सेटवर मान्यतेचा कुठलाही क्रमांक नाही आणि तो भलत्याच पट्ट्यांवर चालतो. ऑनलाइन खुलेआम विकल्या जाणाऱ्या वॉकीटॉकींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि त्यांच्या विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आणली, इतका हा विषय सरकारने गंभीर मानलाय. हे सगळं विक्रेत्याला ठाऊक नसेल असं मी मानत नाही. आणि नाकाबंदीत सेट सापडला असता तर जाब द्यावा लागला असता तो माझ्या ड्रायव्हरला. वीस-बावीस वर्षांची, लग्न ठरलेली पोरं आहेत आमच्याकडे. त्यांच्यावर एखादं प्रकरण लागलं तर पोलीस व्हेरिफिकेशन अडकतं, टॅक्सी चालवायला लागणारा बॅज अडकतो, रोजी अडकते. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप आहे.

तक्रार करायला फोन केला तर पहिल्यांदा म्हणाला, घाटात नेटवर्क नसतं. डबीत सिमच नाही, तिला नेटवर्क कशाला लागतं? मग म्हणाला, सॉफ्टवेअर अपडेट मारावं लागेल, गाडीमागे अठराशे भरा. तेही नाकारल्यावर त्याने तिसरा डाव टाकला, “साहेब, आलेली चलानं पाठवा, आतून मिटवून देतो, निम्म्यात.” हे कधीही करू नका. चलान चुकीचं वाटत असेल तर वाहतूक पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर हरकत नोंदवता येते. प्रकरण न्यायालयात गेलेलं असेल तर लोकअदालतीचा मार्ग आहे. आणि मोटार वाहन नियमांतला १६७ अ हा नियम ड्रायव्हरांना माहीत असायला हवा. कॅमेरे लावलेल्या टप्प्याच्या आधी ठळक सूचनाफलक हवा, कॅमेऱ्याला दरवर्षी नूतनीकरण होणारं प्रमाणपत्र हवं आणि चलानाची नोटीस ठरलेल्या मुदतीत यायला हवी. हे हक्क वापरायला कुणा दलालाची गरज नाही.

त्यानंतर त्याने आमचे नंबर ब्लॉक केले. आणि थोड्याच दिवसांत आमच्या ड्रायव्हरांना व्हॉट्सॲपवर मेसेज यायला लागले. त्यात गाडीचा नंबर अचूक, ‘तुमचं चलान थकलं आहे’ असा मजकूर आणि सोबत एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल. ती फाइल उघडून इन्स्टॉल केली की फोनमधले मेसेज आणि ओटीपी परस्पर चोरांच्या हाती जातात. एकाने उघडायला घेतली होती, शेजारच्याने हात धरला म्हणून वाचला. ही यादी त्यानेच पुढे विकली असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण कुठली गाडी कुठल्या ड्रायव्हरकडे आणि त्याचा मोबाइल कोणता, हे एकत्र लिहिलेलं फक्त त्याच्याच वहीत होतं. खरं चलान एपीकेने येत नाही. ते अधिकृत संकेतस्थळावर स्वतः गाडीचा नंबर टाकून बघायचं. आणि कुणाचे पैसे असे गेलेच तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

घाटापुरतं म्हणाल तर आम्ही आता सगळ्या गाड्यांना फोनवरच्या नकाशात वेग दिसेल असं करून घेतलंय, आणि घाट सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्यायचा असं ठरवलंय. त्याने चलानं बरीच कमी झाली. याला खर्च शून्य.

ज्यांनी ही डबी घेतली आहे त्यांनी ती रागाने फेकून देऊ नये. डबी, खोका, बिल, यूपीआयची नोंद आणि त्याच्याशी झालेले मेसेज सांभाळून ठेवा. ज्यांची एकच गाडी आहे आणि ती स्वतः चालवून पोट भरतात, ते कायद्याने ‘ग्राहक’ ठरतात. त्यांनी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जावं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. माझ्यासारख्या जास्त गाड्या असणाऱ्यांची खरेदी व्यावसायिक धरली जाऊ शकते, म्हणून वकिलाच्या सल्ल्याने मी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार पोलिसांत दिली आहे आणि दोन्ही वस्तू तिथे जमा केल्या आहेत. आणखी मालकांचे अर्ज आले तर तपासाला जोर येईल. वायरलेस सेट मात्र कुणी चालू करून बघू नका आणि दुसऱ्याला विकूही नका. अर्जात त्याचा उल्लेख करा आणि पोलिसांकडून जमा केल्याची पोच घ्या.