हरित प्रमाणपत्र की बीईईचे तारे?

वडोदऱ्यात ऑफिससाठी जागा बघताना कुठे हरित इमारतीचं प्रमाणपत्र दिसतं, कुठे बीईईचे, म्हणजे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, तारे. माझा कल ताऱ्यांकडे आहे.

प्रमाणपत्रात वीजबचतीचा आकडा बहुतेकदा आराखड्यावरून काढलेला असतो. संगणकाच्या त्या हिशोबात एसी २४ वर राहतो आणि काचेतून येणारा उजेड पुरतो. अलकापुरीतल्या आमच्या ऑफिसात मात्र पश्चिमेचं ऊन थेट स्क्रीनवर यायचं. मग पडदे ओढायचे, भरदुपारी दिवे लावायचे. उजेड बघून दिवे मंद करणाऱ्या सेन्सरवर कुणीतरी चिकटपट्टी मारलेली. एसी १९ वर, आणि शेजारच्या टेबलावरच्या ताई मे महिन्यात शाल पांघरून! इमारत वाईट नव्हती, तिच्याकडे बघणारं कुणी नव्हतं, याचंच वाईट वाटतं.

ऑफिस इमारतींचं बीईई तारांकन २००९ पासून आहे. त्यात वर्षभरात दर चौरस मीटरला प्रत्यक्ष किती युनिट लागले ते मोजतात. अडचण एकच, कोऱ्या इमारतीला हे तारे मिळत नाहीत.

दांडिया बाजारातला माझा भाचा सध्या जागा शोधतोय. त्याला म्हटलं, "पाटी बघ, पण बारा महिन्यांची लाइट बिलंही मागून घे."