पडद्यामागे: एकच काम की चार कामं?
स्टँडअप कॉमेडीच्या कार्यक्रमांत पडद्यामागे राहायचं, तर एकच काम धरावं की चार शिकावीत?

फक्त साउंड-लाइट धरलं तर हात बसतो. वेळ संपत आल्याचा दिवा कलाकाराला नेमका कधी दाखवायचा, हे अंगवळणी पडतं. पण स्कॉटलंडमधल्या एडिंबरा फ्रिंजसारखा ऑगस्टमधला महोत्सव उरकला, की कामही आटतं.

बुकिंग, तिकीटविक्री, दौऱ्याची आखणी असं सगळं करणाऱ्याला पडत्या काळातही काहीतरी मिळतं. शिवाय एका कामातलं दुसऱ्यात उपयोगी पडतं. कार्यक्रमाच्या शेवटी कोणत्या कलाकाराला उभं करायचं, हे बुकिंग करणाऱ्याला तिकीटविक्रीसाठी दारावर थांबल्यावरच उमगतं. प्रेक्षक कोणाचा विनोद घोळवत बाहेर पडतात, ते तिथेच ऐकू येतं. तोटा? ‘तुम्ही नक्की करता काय?’ याचं उत्तर फार लांबतं.

माझा कौल दुसऱ्या वाटेला, पण आधी एका कामात हात पक्का करून.