याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन : जुन्या बाजारातल्या खरेदीनंतरचे नऊ महिने

जूनमध्ये पाचवा रोल लॅबमधून आला तेव्हा त्यातली जवळजवळ निम्मी छायाचित्रे पांढरीफटक होती. त्याआधीचे चार रोल निर्दोष आले असल्यामुळे मी फिल्मवर चालणारा हा जुना याशिका कॅमेरा भेटेल त्याला सुचवत होतो. तो निर्धास्तपणा त्या दिवशी संपला. दुरुस्तीनंतर दोन रोल व्यवस्थित निघाले आहेत, म्हणून आता सविस्तर लिहीत आहे.

जानेवारीतल्या एका रविवारी पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात हा कॅमेरा एका ताडपत्रीवर, पितळी नळ आणि रेडिओच्या सुट्या भागांच्या शेजारी, चामड्याच्या केसमध्ये ठेवलेला दिसला. चार हजारांपासून सुरू झालेला व्यवहार अठ्ठावीसशेला तुटला. लेन्समध्ये बुरशीचा धागाही नव्हता, पण माझा निर्णय झाला तो बॅटरीचा कप्पा पाहून. तळाचे झाकण नाण्याने फिरवून उघडले, तर आतली पट्टी लख्ख होती, हिरवट थर नाही की पांढरी भुकटी नाही. पूर्वीच्या मालकाने कॅमेरा ठेवून देताना बॅटरी आठवणीने काढली होती. त्या अनोळखी माणसाच्या या एका दक्षतेमुळे १९७३ च्या या मॉडेलचे विजेचे काम अजून जिवंत आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

बॅटरीबाबत मात्र माझा राग अजून गेलेला नाही. मूळची ५.६ व्होल्टची बॅटरी पाऱ्याची असल्यामुळे बंद झाली आणि तिच्या जागी बसणारे तयार अडॅप्टर परदेशातून मागवायचे, तर टपालखर्च धरून कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीला पडतात. एवढ्याशा नळकांड्यासाठी इतके पैसे मोजणे मला पटले नाही. घड्याळवाल्याकडे मिळणारे एलआर४४ जातीचे चार बटन सेल एकावर एक ठेवले, त्यांच्याभोवती जाड कागद गुंडाळला आणि उरलेली पोकळी जुन्या टॉर्चमधल्या स्प्रिंगने भरली. बेरीज ६ व्होल्ट होते, पण त्या फरकाचा परिणाम माझ्या फिल्मवर दिसलेला नाही. सेल संपले तरी शटर सेकंदाच्या १/५०० या एकाच वेगावर चालत राहते, त्यामुळे २०० आयएसओ संवेदनशीलतेची फिल्म असेल तर भर उन्हात लेन्सचे छिद्र एफ/११ इतके लहान ठेवून काम भागते. संध्याकाळी मात्र नाइलाज होतो.

पाचवा रोल बिघडला तेव्हा मी सगळा दोष याच जुगाडाला दिला, आणि तिथे माझे चुकले. शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानाने कॅमेरा पाच आठवडे ठेवून घेतला, तपासणीचे पाचशे रुपये घेतले आणि ‘सर्किट गेले आहे, भाग मिळत नाहीत’ असे सांगून परत केला. वरच्या पत्र्याचा एक स्क्रू नाहीसा झाला होता. तो मागितल्यावर ‘आधीपासूनच नव्हता’ असे उत्तर मिळाले. बाजारातून आणलेल्या दिवशी मी कॅमेऱ्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढली होती आणि त्यांत तो स्क्रू स्पष्ट दिसतो. ती दाखवूनही उपयोग झाला नाही.

त्यानंतर एका वयस्कर कारागिरांकडे गेलो. ‘काका, सर्किट गेले आहे म्हणतात,’ असे मी सांगितले. त्यांनी कॅमेरा कानाजवळ धरला, फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर सावकाश ओढला आणि म्हणाले, ‘खटका कुठे आहे?’ चांगल्या इलेक्ट्रोमध्ये लिव्हर ओढताना आतून ‘खट्’ असा ठळक आवाज येतो. शटरच्या दांड्याला टेकू देणारा छोटासा रबरी तुकडा वर्षानुवर्षांनी कुजून भुगा होतो, मग दांडा पूर्ण मागे येत नाही, खटका नाहीसा होतो आणि प्रकाशाचा हिशेब चुकून छायाचित्रे जास्त उजळ येतात. माझ्याकडे नेमके हेच झाले होते. त्यांनी योग्य जाडीचा नवा तुकडा बसवला, मागच्या झाकणाच्या खाचेतला, बाहेरचा प्रकाश अडवणारा पण आता राळेसारखा चिकट झालेला फोम काढून तिथे काळी लोकर भरली, आणि सहाशे रुपये घेतले. स्क्रूही त्यांनी आपल्या डबीतून शोधून लावला.

४५ मिमी, एफ/१.७ लेन्सबद्दल वेगळे काय लिहावे? पिवळा दिवा लागलेला असतानाही, म्हणजे शटर १/३० पेक्षा मंद असताना, श्वास रोखून खांबाला टेकून काढलेली देवळातल्या समईची छायाचित्रे पाहण्यासारखी आली आहेत. शटरचा आवाज इतका हळू आहे की कीर्तनात पुढे बसलेल्यांनीही मान वळवली नाही. एक तक्रार उरते. फोकस जुळवण्याचा पिवळा चौकोन फिका पडला आहे आणि अंधुक उजेडात तो शोधावा लागतो. तेवढ्यासाठी पुन्हा वरचा पत्रा उघडायला लावणे मला योग्य वाटत नाही.

घेणाऱ्यांनी चकाकीवर जाऊ नये. खिशात एक नाणे आणि चार बटन सेल घेऊन जावे, कप्पा उघडून पाहावा, लिव्हर दोन-तीनदा ओढून ऐकावे. खटका येत नसेल तर दुरुस्तीचे सहाशे-सातशे वजा करूनच किंमत सांगावी, आणि कप्प्यात हिरवा थर दिसला तर कितीही स्वस्त असला तरी कॅमेरा परत ताडपत्रीवर ठेवावा.