हिरडेदळाच्या अर्काची पेशी-चाचणी : महापे येथील एका प्रयोगशाळेचा अनुभव

एम.फार्म.च्या प्रबंधासाठी हिरडेदळाचा (बी काढून वाळवलेल्या हिरड्याच्या फळांचा) मिथेनॉलमध्ये काढलेला अर्क मी महापे औद्योगिक वसाहतीतील एका खासगी प्रयोगशाळेकडे एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरील चाचणीसाठी दिला होता. नमुना घेतानाच त्यांनी अर्क कशात विरघळतो हे विचारले, डीएमएसओ या विरघळवणाऱ्या द्रवाचे अंतिम प्रमाण ०.५ टक्क्याच्या आत ठेवले आणि तुलनेसाठी डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे औषध त्याच ९६ खळग्यांच्या प्लेटवर लावले. इतकी शिस्त सगळीकडे नसते.

घोळ झाला तो पहिल्या अहवालात. एमटीटी चाचणीत जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रसायनाचे जांभळ्या फॉर्मझानमध्ये रूपांतर करतात आणि तो जांभळेपणा ५७० नॅनोमीटरला मोजून किती पेशी जगल्या हे ठरवले जाते. आमच्या आलेखात मात्र अर्काची मात्रा वाढेल तसतशा जिवंत पेशीही वाढत जाऊन शेवटी शंभर टक्क्यांच्या पुढे गेल्या होत्या. हिरड्यात टॅनिन आणि गॅलिक आम्ल भरपूर असते (कातडी कमावणाऱ्यांना हे आपल्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे), आणि अशी संयुगे एकही पेशी नसताना एमटीटीला जांभळे करू शकतात. म्हणूनच नुसता अर्क घातलेले, पेशी नसलेले खळगे सोबत ठेवावे लागतात. ते ठेवलेच नव्हते, तरी अहवालावर 'अर्क निष्क्रिय' असा शेरा होता.

हे लेखी कळवल्यावर त्यांनी वाद न घालता, जादा शुल्क न घेता, चाचणी पुन्हा केली. जोडीला पेशींतील प्रथिनांना रंगवणारी एसआरबी पद्धतही वापरली. या वेळी अर्काचा परिणाम दिसला, पण निम्म्या पेशींची वाढ रोखायला लागलेली मात्रा कच्च्या अर्कासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या, मिलिलिटरला ३० मायक्रोग्रॅम या मर्यादेत बसली नाही. निराशा झाली, पण हा आकडा मी परीक्षकांपुढे निर्धास्तपणे ठेवू शकते.

निरोगी पेशींवरील चाचणीचे पैसे वेगळे पडतात, हे मला खटकले, कारण तिच्याशिवाय अर्क कर्करोगाच्याच पेशी मारतो की समोर येईल ती पेशी मारतो, हे कळत नाही. तरीही पुढचा नमुना मी तिथेच दिला आहे. फक्त कोपरखैरण्याहून तो घेऊन निघताना मागणीपत्राच्या पहिल्याच ओळीत पेशी नसलेल्या खळग्यांची अट लिहिली.