जॅक्सन शॅमेलिऑनसाठी टी-५ ची ६ टक्के युव्हीबी ट्यूब: घ्यावी का?

जॅक्सन शॅमेलिऑन हा रंग बदलणारा सरडा मूळचा पूर्व आफ्रिकेतल्या माउंट केनियासारख्या डोंगरउतारांवरचा. तिथं ऊन कडक आणि हवा गार, रात्री तर चांगलीच थंडी. त्यामुळे त्याच्या दिव्याकडून मागणी वेगळी असते: युव्हीबी (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) हवं, उष्णता नको. टी-५ एचओ (बारीक, ‘हाय आउटपुट’) ट्यूब नेमकी तीच मागणी पुरी करते, म्हणून तिला माझी पहिली पसंती. ६ टक्के हा तिच्या प्रकाशातला युव्हीबीचा वाटा. मर्क्युरी व्हेपर बल्बमधून दोन्ही एकदम येतं. उष्णता कमी करायला तो वर उचलावा तर युव्हीबीही घटतं. या प्राण्यासाठी तो घेऊच नका. कॉम्पॅक्ट बल्बचा झोत तर जेमतेम एका फांदीपुरता.

६० सेंमीच्या फिटिंगला २४ वॅटची ट्यूब लागते. फिटिंग रिफ्लेक्टरवालंच घ्या, नाहीतर बराचसा प्रकाश छताकडे जातो. चोक टी-५ एचओचाच हवा. ट्यूब आणि प्राणी यांच्यामध्ये काच किंवा अ‍ॅक्रिलिक आलं की युव्हीबी जवळपास सगळं अडतं. पिंजऱ्याच्या छताची बारीक जाळीही साधारण तिसरा हिस्सा खाते.

बहुतेकांचं चुकतं ते अंतर. ऊन खायच्या जागी युव्ही इंडेक्स (अतिनील किरणांच्या तीव्रतेचं माप) ३ च्या आसपास हवा. जाळीतून तो साधारण २० ते २५ सेंमीवर मिळतो, पण ते अंतर फांदीपर्यंत नव्हे, प्राण्याच्या पाठीपर्यंत मोजायचं. मोठा नर फांदीवर उभा राहिला की त्याची पाठ फांदीच्या बरीच वर येते, आणि डोक्यावरचा उंचवटा तर ट्यूबच्या आणखी जवळ जातो. त्यात हे प्राणी जाळीला उलटे लटकतात. तशी सवय दिसली तर फिटिंग जाळीवर न टेकवता वर टांगा आणि फांदी तेवढीच वर घ्या. खाली दाट पानं हवीतच. सावलीत कधी जायचं ते त्याचं त्याला ठरवता आलं पाहिजे.

ट्यूबचा खरा दोष असा, की युव्हीबी उतरलं तरी उजेड तितकाच दिसतो. युव्ही इंडेक्स मोजायचं मीटर नसेल तर १२ महिन्यांनी सरळ बदला. फवाऱ्याच्या पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर काचेवर बसतो. ट्यूब बंद करून, गार झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसा.

१२ टक्क्यांची ट्यूब वाळवंटी सरड्यांसाठी ठीक. या अंतरावर इथं ती नको.