नेपल्स की सॅरासोटा? आई-बाबांना घेऊन फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर जाण्याआधी

जानेवारी उजाडला की आमच्या अटलांटाच्या मित्रमंडळींत एक प्रश्न हमखास फिरतो. आई-बाबा आलेत, थंडीने घरात कोंडलेत, चार दिवस कुठे न्यायचं? डिस्ने नातवंडांसाठी ठीक, मायामीचा गोंगाट त्यांना झेपत नाही. मग कुणीतरी सुचवतं, ‘नेपल्सला जा, फार सुंदर आहे.’ दुसरं कुणी म्हणतं, ‘त्यापेक्षा सॅरासोटा.’ दोन्ही गावं मेक्सिकोच्या आखातावर, दोन्ही श्रीमंत निवृत्तांची, आणि आमच्या घराजवळून आय-७५ हा महामार्ग पकडला की न वळता दोन्हीकडे जाता येतं. सॅरासोटा आधी लागतं, नेपल्स त्याच्या खाली आणखी दोनेक तास. फोटोत तर ओळखू येऊ नये इतकी सारखी.

प्रत्यक्षात ती अजिबात सारखी नाहीत. मी नेपल्सला दोनदा गेलेय, एकदा फक्त नवऱ्याबरोबर आणि एकदा आई-बाबांसकट. सॅरासोटाला आम्ही चौघं पाच रात्री होतो. त्यावरून सांगते.

आधी दोन्हीकडे लागू पडणारी गोष्ट. या गावांचं घड्याळ वेगळं आहे. सकाळी साडेसहाला समुद्रावर अर्धं गाव फिरायला आलेलं असतं. पंचाहत्तरीच्या बायका आपल्यापेक्षा झपझप चालतात. नाश्त्याच्या जागांवर आठला रांग. दुपारी सामसूम. संध्याकाळी पावणेपाचला जेवणाची गर्दी सुरू होते, आणि नऊला रस्ते असे रिकामे, जणू कर्फ्यू लागलाय. नेपल्सला पहिल्या दिवशी आम्ही आपल्या सवयीने साडेआठला जेवायला बाहेर पडलो. एका रेस्टॉरंटच्या दारातल्या मुलीने फार गोड हसून सांगितलं की किचन बंद होतंय. त्या रात्री आम्ही पब्लिक्स या सुपरमार्केटमधलं सँडविच हॉटेलच्या खोलीत बसून खाल्लं. आई-बाबांना मात्र हे घड्याळ फार मानवलं. ‘शहाणी माणसं आहेत, वेळेवर जेवतात,’ बाबा म्हणाले.

आता फरक.

नेपल्स लहान आहे. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या जेमतेम एकोणीस हजार होती आणि त्यातले निम्म्याहून जास्त पासष्टीच्या पुढचे. इथला पैसा लपत नाही, पण ओरडतही नाही. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू साउथ आणि थर्ड स्ट्रीट साउथ या दोन रस्त्यांवर दुकानं, गॅलऱ्या, आइस्क्रीम. झाडं कातरलेली, फुटपाथ धुतलेले. दक्षिणेला गॉर्डन ड्राइव्हवरून गाडी हळू नेली की पोर्ट रॉयल ही बड्या श्रीमंतांची वस्ती लागते. उंच कुंपणं, मागे बोटींचे धक्के. त्याच्याही टोकाची एक मालमत्ता २०२४ मध्ये साडेएकोणतीस कोटी डॉलरला विक्रीला काढली होती. आम्ही तो रस्ता एकदा जाऊन एकदा आलो, पंधरा मिनिटं लागली. बघण्यासारखं एवढंच, कारण आत जायचं काही नाही. नेपल्समध्ये पाहुण्याच्या वाट्याला बहुतेक वेळा कुंपणाची बाहेरची बाजू येते. आईने गाडीतून विचारलं, ‘एवढ्या घरांत माणसं कुठायत?’ प्रश्न बरोबर होता. बरीच घरं हिवाळ्यापुरती उघडतात. नोव्हेंबरला उत्तरेकडची मंडळी उतरतात आणि एप्रिलनंतर परततात. त्यांना इथे स्नोबर्ड म्हणतात.

समुद्र मात्र कुणाच्या कुंपणात नाही. भरतीच्या रेषेखालची ओली वाळू फ्लोरिडात सार्वजनिक आहे, मागे कितीही कोटींचा बंगला असो. नेपल्समध्ये जुन्या भागातल्या कितीतरी अ‍ॅव्हेन्यू थेट वाळूपाशी संपतात. तिथे दहा-वीस गाड्यांची जागा, एखादं बाक, पाय धुवायला नळ. रहिवाशांना स्टिकर असतो, आपण मशीनवर पैसे भरायचे. फेब्रुवारीत सकाळी नऊनंतर जागा मिळाली तर नशीब. गावाची ओळख असलेला लाकडी पिअर, म्हणजे समुद्रात आत शिरलेला धक्का, मूळचा १८८८ चा, वादळांत अनेकदा मोडून पुन्हा उभा राहिलेला. २८ सप्टेंबर २०२२ ला इयन वादळाने तो पुन्हा मोडला. आम्ही दोन्ही वेळा तो कुंपणाबाहेरूनच पाहिला. सूर्यास्ताला तरीही माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन जमतात आणि सूर्य बुडाला की चक्क टाळ्या वाजवतात. पहिल्यांदा हसू येतं. दुसऱ्या दिवशी आपणही वाजवतो.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी नेपल्समधली एक जागा लक्षात ठेवा: क्लॅम पास. खारफुटीतून पाऊण मैल लाकडी वाट, आणि चालायचं नसेल तर छोटी ट्राम समुद्रापर्यंत नेते. आईने जाताना ट्राम घेतली, येताना हट्टाने चालत आली.

सॅरासोटाचा किनारा वेगळ्याच जातीचा. सिएस्टा की हे शहरालगतचं लांबट बेट. तिथली वाळू जवळपास शुद्ध क्वार्ट्झची, पिठासारखी पांढरी, आणि ती तापत नाही. हे मी वाचलं होतं, पण बाबांना आधी सांगितलं नव्हतं. आमचं गाव गुहागरजवळ. दुपारी बाराला तिथे अनवाणी चालायचं म्हणजे उड्या मारत पाण्यापर्यंत पळायचं. बाबांनी चपला काढल्या, एक पाय जपून टेकवला, मग दुसरा. मग तिथेच उभे राहिले. खाली वाकून मूठभर वाळू घेतली, बोटांतून गाळली, पुन्हा घेतली. ‘ही रांगोळीला चालेल,’ आई म्हणाली. इथे पार्किंगला पैसे नाहीत, जागा शेकड्यांनी आहेत. व्हीलचेअरसाठी वाळूवर चटई अंथरलेली असते आणि वाळूत चालणारी खास व्हीलचेअर काउंटीकडून, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाकडून, फुकट मिळते. रविवारी सूर्यास्ताच्या आधी ढोल-डफ घेऊन लोक गोल करून बसतात, म्हातारे-तरुण सगळे नाचतात. नेपल्सच्या टाळ्या आणि सिएस्टाचा हा ढोल, एवढ्यात दोन गावांचा स्वभाव समजतो.

पण माझं पारडं खरं झुकलं ते रिंगलिंगमुळे. जॉन रिंगलिंग हा सर्कशीचा मालक. १९२७ मध्ये त्याने आपल्या सर्कशीचा हिवाळी मुक्काम सॅरासोटाला हलवला. खाडीकाठी व्हेनिसच्या धर्तीचा ‘का द्झान’ हा वाडा १९२६ मध्ये पुरा झाला, शेजारी त्याने कलासंग्रहालय बांधलं, रूबेन्स या जुन्या युरोपीय चित्रकाराची भिंतभर चित्रं आणली. मंदीत सगळं बुडालं. १९३६ मध्ये तो गेला तेव्हा बँकेत ३११ डॉलर होते म्हणतात. पण वाडा आणि चित्रं त्याने फ्लोरिडाच्या जनतेला देऊन टाकली. म्हणून आज आपण त्या वाड्याच्या गच्चीवर उभं राहून खाडी बघू शकतो. पोर्ट रॉयलमध्ये हे शक्य नाही. सोमवारी कलासंग्रहालयाला प्रवेश फुकट असतो. वाडा आणि सर्कस संग्रहालयाचं तिकीट तेव्हाही लागतं. सर्कस चुकवू नका. तिथे एका माणसाने आयुष्यभर हाताने केलेली सर्कशीची प्रतिकृती आहे, चव्वेचाळीस हजारांवर तुकड्यांची. जेवणाच्या तंबूत ताटल्या मांडलेल्या, हत्तींची रांग, तिकिटाची खिडकी. बाबा तिथे पाऊण तास होते. त्यांच्या लहानपणी चिपळूणला सर्कस यायची, त्याच्या गोष्टी मी तिथे पहिल्यांदा ऐकल्या.

आणि बाहेर वड. खरेखुरे, पारंब्यांचे, आपले वड. एडिसनने दिलेल्या रोपांचे झाले असं सांगतात. आई एका खोडाभोवती हात फिरवत फिरली आणि म्हणाली, ‘सूत आणायला हवं होतं.’

नेपल्सच्या बाजूने असं काही आहे का? आहे, पण ते गावात नाही. गावापासून अर्ध्या-पाऊण तासावर कॉर्कस्क्रूची दलदल, ऑडुबॉन या पक्षी जपणाऱ्या संस्थेने राखलेली. सव्वादोन मैलांची लाकडी वाट जुन्या सायप्रस झाडांतून जाते. काही झाडं शेकडो वर्षांची, बुंधे पाण्यात. वाटेत बसायला जागा, वारा नाही, आवाज नाही. हिवाळ्यात दाणे ठेवतात तिथे पेंटेड बंटिंग नावाचा पक्षी येतो. निळं डोकं, लाल पोट, हिरवी पाठ, जणू लहान मुलाने रंगपेटी संपवलीय. मगरीसारखी अ‍ॅलिगेटर मंडळी वाटेखाली पडलेली असतात. तिकीट आधी ऑनलाइन घ्यावं. पक्षी बघणाऱ्या माणसाने नेपल्सच निवडावं, वाद नाही. एव्हरग्लेड्सचा प्रचंड पाणथळ प्रदेशही तिथूनच जवळ. सॅरासोटालगत मायाका नदीचं उद्यान आहे, झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा झुलता पूल आहे, छान आहे, पण कॉर्कस्क्रूची शांतता तिथे नाही.

खाण्याचं बघू. शाकाहारी माणसाचे हाल दोन्हीकडे सारखेच, उपाशी राहत नाही एवढंच. क्यूबन जागी काळे घेवडे-भात बघून हुरळू नका, घेवड्यात बऱ्याचदा डुकराचं मांस असतं, विचारूनच घ्या. भारतीय किराण्यासाठी सॅरासोटाहून टँपा तासाभरावर आहे, हा मोठा फायदा. स्वयंपाकघर असलेली जागा घेतली की प्रश्न सुटतो. आम्ही कुकर घेऊन गेलो होतो आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. सॅरासोटात पाइनक्राफ्ट नावाची आमिश लोकांची, म्हणजे जुन्या पद्धतीने साधं जगणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची, वस्ती आहे, हिवाळ्यात ओहायो-इंडियाना-पेनसिल्व्हेनियाहून बसने येणाऱ्यांची. टोपीवाले आजोबा आणि लांब झग्यातल्या आज्या तीनचाकी सायकलवर फिरतात. तिथल्या ‘पाय’साठी, म्हणजे गोड सारण भरून भाजलेल्या पदार्थासाठी, रांग लावा. अंडं चालत असेल तर पीनट बटरचा ‘पाय’ घ्या. आईने त्या सायकलींकडे बघत शेवटी विचारलंच, की अशी एक अटलांटाला चालवता येईल का.

खर्च. सीझनमध्ये, म्हणजे जानेवारी ते मार्च, दोन्ही महाग, पण नेपल्स जास्त. गावातलं हॉटेल परवडलं नाही म्हणून आम्ही दुसऱ्यांदा उत्तरेला बोनिटा स्प्रिंग्जला राहिलो. मग रोज सकाळी यूएस-४१ वरच्या सिग्नलवर आयुष्य गेलं. सॅरासोटात मुख्य शहरात राहून लिडो बीचपर्यंत फुकट ट्रॉली मिळते, सिएस्टा कीवरही बेटापुरती फुकट ट्रॉली आहे. शिवाय विमानतळ गावातच. नेपल्सला विमानाने यायचं तर फोर्ट मायर्सला उतरा आणि गाडी भाड्याने घ्या. गावातला विमानतळ मुख्यतः खासगी जेटवाल्यांचा. हॉटेलच्या दरावर कर आणि रिसॉर्ट फी वेगळी लागते, शेवटची रक्कम बघूनच बुकिंग करा.

कधी जाऊ नये हेही महत्त्वाचं. १ जून ते ३० नोव्हेंबर वादळांचे दिवस. ९ ऑक्टोबर २०२४ ला मिल्टन वादळ सिएस्टा कीवरच धडकलं, त्याच्या दोन आठवडे आधी हेलेनमुळे पाणी घुसलं होतं. उन्हाळ्यात दर उतरतात ते उगाच नाही. रोज दुपारी पाऊस, आणि घामाने कोकणातला मे आठवतो. पोहायचंच असेल तर एप्रिल बरा, जानेवारीत पाणी थंड असतं. पाणी कोमट झालं की किनाऱ्याजवळ स्टिंगरे हे शेपटीच्या काट्याने डंख मारणारे चपटे मासे येतात, तेव्हा पाय न उचलता वाळूत घासत चाला, ते बाजूला होतात. आणि रेड टाइड. समुद्रात एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ वाढतं, मासे मरतात, वाऱ्याबरोबर खोकला येतो. घरात कुणाला दमा असेल तर निघायच्या आधी राज्य सरकारचा रेड टाइडचा नकाशा बघाच. रेड टाइड दोन्ही गावांच्या किनाऱ्यांना त्रास देतो.

लहानसहान सूचना म्हणजे, कुठल्याही तळ्याच्या काठावर आई-बाबांना बसू देऊ नका, हॉटेलच्या आवारातलं शोभेचं तळं असलं तरी. अ‍ॅलिगेटरला शोभेचं तळं कळत नाही. खारफुटीजवळ संध्याकाळी चिलटाएवढे किडे चावतात, बाह्या लांब घाला.

मग कुठे? दोघंच असाल, चार दिवस कुणाशी बोलायचं नसेल, सकाळी लांब चालायचं आणि पुस्तक घेऊन पडायचं असेल, तर नेपल्स. पैसे जास्त जातील, बदल्यात अशी शांतता मिळेल जी सॅरासोटात मिळत नाही. आई-बाबा बरोबर असतील तर मी सॅरासोटा सांगेन. त्यांना नुसतं सुंदर पुरत नाही, दिवसभर काहीतरी बघायला, विचारायला, नाव ठेवायला लागतं. नेपल्समध्ये तिसऱ्या दिवशी बाबा हॉटेलच्या लॉबीत बसून भारतातल्या बातम्या बघत होते. सॅरासोटात पाचव्या दिवशी आई म्हणाली, तो वड परत एकदा बघू.

यंदा ते फेब्रुवारीत येतायत. सॅरासोटाच्या पाच रात्री घेतल्यात, कुकरसाठी स्वयंपाकघर असलेल्या. मधला एक दिवस कॉर्कस्क्रूला, पावणेदोन तास गाडीने, बाबांच्या त्या रंगीत पक्ष्यासाठी. सुताचं रीळ आईने बॅगेत टाकलंय असं बाबांनी फोनवर सांगितलं.