इमर्जन्सी किट, आठ महिन्यांनंतर: बॅग बरी आहे, पण आधी मोरीकडे बघा

मे महिन्यात ऑनलाइन तयार इमर्जन्सी किट मागवलं, 2,650 रुपयांना. पाठीला लावायची लाल बॅग. आत हँडल फिरवून चालणारा टॉर्च-रेडिओ, 20,000 एमएएचची पॉवर बँक, प्रथमोपचाराची डबी, कागदपत्रांचं वॉटरप्रूफ पाउच, रेनकोट, दोरी, कात्री, शिट्टी आणि सहा एनर्जी बार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशा बॅगा थोड्याफार फरकाने सगळ्या सारख्याच दिसतात. घेताना मी पाच-पाच तारे देणारे बरेच अनुभव वाचले होते. सगळे पहिल्या आठवड्यातले, बॅग उघडून फोटो काढलेले. आता जानेवारी संपत आलाय, मधे एक अख्खा पावसाळा गेलाय, म्हणून हे लिहितेय.

आधी घर सांगते. कुर्ला पश्चिम, तळमजला, मिठी नदी चालत दहा मिनिटांवर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा सासूबाई याच घरात होत्या. स्वयंपाकघरात पाणी कुठवर चढलं होतं ते त्या अजून हाताने दाखवतात. ओट्याच्या वर, मिसळणाच्या डब्यापर्यंत. त्यामुळे बॅग आली तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "ही घेऊन जायचं कुठे?"

प्रश्न बरोबर होता. किट बनवणाऱ्याच्या डोक्यात असतं की माणूस बॅग उचलून घराबाहेर पळणार. आमच्याकडे कमरेएवढं पाणी असताना, मॅनहोलचं झाकण कुठे उघडं आहे ते दिसत नसताना बाहेर कोण पडतं? आम्ही फार तर पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे जातो. बाकी सगळी झुंज घरातच.

ती जुलैत एका रात्री झाली. भरतीची वेळ आणि धो धो पाऊस एकत्र आले. पाणी दारातून आलंच नाही, मोरीतून आलं. आधी जाळीतून झुरळं निघाली, दहा-बारा तरी असतील, मग गुडगुड आवाज, मग काळं पाणी. सासूबाईंनी झुरळं बघूनच पाणी येणार हे ओळखून गादी गुंडाळायला घेतली, मला मात्र तेव्हा काही कळलं नव्हतं. तासाभरात पाणी घोट्यावर. नवऱ्याने मेन स्विच पाडला आणि घरात मिट्ट काळोख झाला. टॉर्च कुठे? बॅगेत. बॅग कुठे? पोटमाळ्यावर. स्टूल कुठे? पाण्यात.

त्या दिवसापासून टॉर्च मेन स्विचशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. एवढा एक बदल मला बॅगेच्या अर्ध्या किमतीएवढा वाटतो.

टॉर्च स्वतः कसा आहे? हँडल फिरवलं की घरघर करतो आणि प्रकाश चांगला पडतो, पण थोड्या वेळात पुन्हा फिरवावं लागतं. वरचं सोलर पॅनेल बिस्किटाएवढं, आणि जुलैतल्या मुंबईत ते शोभेलाच. रेडिओवर आकाशवाणी स्वच्छ लागते. नेट गेलं तेव्हा सासूबाईंना त्याचाच आधार वाटला.

पॉवर बँकेबद्दल एक गोष्ट घेतानाच समजून घ्या. 20,000 हा आकडा आतल्या सेलचा, 3.7 व्होल्टचा असतो. 5 व्होल्टने फोनला देताना हातात साधारण 12-13 हजार पडतात. माझा 5,000 चा फोन जेमतेम अडीच वेळा भरला. त्या रात्री वीज नऊ तास नव्हती, तेवढ्याला पुरलं. ऑक्टोबर 2020 मध्ये ग्रिड बसून मुंबईची वीज गेली तेव्हा आमचा नळही कोरडा पडला होता, कारण पंप बंद. पुराच्या वेळी तर जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी शिरतं. म्हणून प्यायचं पाणी वेगळं, बंद कॅनमध्ये, कपाटाच्या वरच्या फळीवर. किटमध्ये पाण्यासाठी काहीच नव्हतं; क्लोरीनच्या गोळ्या मी वेगळ्या आणल्या.

वॉटरप्रूफ पाउचची परीक्षा घरीच घेतली. आत वर्तमानपत्राचा तुकडा घालून रात्रभर बादलीत बुडवलं. सकाळी एक कोपरा ओला. रेशनकार्ड आता दोन झिपवाल्या पिशव्यांत घालून मग त्यात ठेवलंय.

सासूबाईंचं इन्सुलिन हा किटवाल्यांच्या गावीही नसलेला विषय. चालू पेन फ्रिजबाहेर चार आठवडे, 30 अंशांच्या आत चालतं, असं त्या पेनच्या माहितीपत्रकात आहे. प्रश्न शिल्लक पेनांचा. मडक्याचा उपाय सगळे सांगतात, पण मडकं गार होतं ते पाणी उडून जाऊन, आणि पावसाळ्यात हवाच ओली असते. आम्ही मडकं करून पाहिलं, हाताला फारसा फरक जाणवला नाही. आता थर्मासमध्ये आइसपॅक फडक्यात गुंडाळून ठेवतो. पेन बर्फाला थेट टेकू द्यायचं नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं.

प्रथमोपचाराच्या डबीत पट्ट्या भरपूर, गमबूट अर्थातच नाहीत. नवऱ्याच्या टाचेला भेग होती आणि तो त्या पाण्यात दोन तास उभा होता. लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या मुतामुळे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या भीतीने दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. 72 तासांच्या आत जायला सांगतात, ते उगाच नाही.

एनर्जी बार? लेकीने जूनमध्येच संपवले. त्यांच्या जागी फुटाणे, गूळ, खजूर आणि मेतकुटाची बरणी आली. कात्री तर दर महिन्याला गायब होते. म्हणून तपासणीचा दिवस ठरवलाय, संकष्टीचा. चंद्रोदयाची वाट बघत सगळे तसेही ताटकळत असतात. सासूबाई बॅग उघडून एकेक वस्तू पुकारतात, लेक तारखा वाचते, मी पॉवर बँक चार्जिंगला लावते.

पुन्हा घेईन का? तयार बॅग नाही. टॉर्च-रेडिओ आणि पॉवर बँक सुटी घेईन. उरलेल्या पैशांत तिघांचे गमबूट आणि मोरीच्या जाळीवर ठेवायला वाळूच्या दोन पिशव्या. रिकामा सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधायला एक दोरी हवीच, तो पाण्यात तरंगतो आणि घरभर आपटत फिरतो. किटमधली दोरी त्यासाठी मस्त निघाली, आणि 1916 हा पालिकेचा आपत्कालीन नंबर मी तिथेच भिंतीवर खडूने लिहिलाय.

पाचपैकी तीन तारे. त्यातला अर्धा शिट्टीचा, कारण पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी वरून दार उघडलं ते ती ऐकूनच.